घटकाचे दोन काळ : रचनासाधनातील स्वनिर्मित दृश्य घटकांविषयी प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावरील बटण, मजकुराची चौकट, यादी, तक्ता, सरकपट्टी यांपैकी प्रत्येकाला ‘दृश्य घटक’ म्हणतात, आणि असे घटक एका पेटीतून उचलून कोऱ्या फॉर्मवर ठेवण्याची, त्यांची लांबीरुंदी माउसने ओढून ठरवण्याची व त्यांचे रंग, मजकूर आणि नावे शेजारच्या तक्त्यात भरण्याची सोय देणाऱ्या आज्ञावलीला या विवेचनात ‘रचनासाधन’ असे नाव दिले आहे. प्रयोगशाळेत तिला नुसते ‘डिझायनर’ म्हणतात. साधनासोबत येणारे तयार घटक सर्वसाधारण कचेरीच्या कामाला पुरतात. परंतु जेथे धरणातील साठा, दूध संकलन केंद्रावरील फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घनपदार्थ) किंवा वजनकाट्यावरील भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन एका दृष्टिक्षेपात दाखवायचे असते, तेथे नुसती मजकुराची चौकट अपुरी पडते आणि आज्ञावलीकाराला स्वतःचा घटक घडवावा लागतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, अशा पडद्यांची गरज पदोपदी भासणारा जिल्हा आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाल्यापासून येथील अर्थव्यवहार काटा, मापे आणि पाण्याची आवर्तने यांच्या नोंदींवर उभा राहिला आहे, आणि या नोंदी आता वहीतून पडद्यावर आल्या आहेत.

स्वतःचा घटक लिहिणे ही या विषयातील खरी अडचण नव्हे. चित्र काढण्याच्या चार आज्ञा, माउसच्या टिचकीला दिलेला प्रतिसाद आणि थोडे अंकगणित एवढ्यावर घटक तयार होतो आणि आज्ञावली चालवून पाहिली की तो नीट दिसतोही. अडचण सुरू होते ती तोच घटक रचनासाधनाच्या पेटीत घालून फॉर्मवर ओढल्यावर. कधी त्याच्या जागी राखाडी चौकोन येतो, कधी लाल अक्षरांत चूक दाखवली जाते, कधी घटक शून्य रुंदीचा होऊन दिसेनासाच होतो, तर कधी रचनासाधनच गोठते आणि न साठवलेले काम घेऊन बंद पडते. घटक दोन निरनिराळ्या काळांत जगत असतो, हे या सर्व प्रकारांमागचे एकच कारण आहे. फॉर्मची मांडणी होत असते तो ‘आखणीकाळ’ आणि तयार झालेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरली जाते तो ‘चालनकाळ’. पहिल्या काळात घटकाचा वापरकर्ता दुसरा आज्ञावलीकार असतो, दुसऱ्या काळात तो कारखान्याचा कारकून किंवा पाटबंधारे शाखेचा कर्मचारी असतो. बहुतेक घटक दुसऱ्या वापरकर्त्याचाच विचार करून लिहिले जातात आणि पहिल्याच्या हातात ते मोडतात.

हा भेद नवा नाही. रचनासाधनांच्या जन्मापासून तो त्यांच्यासोबत आहे. फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेत काम केलेले जाँ-मारी ह्युलो यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास लिस्प भाषेच्या आधाराने असे साधन रचले, पुढे ते स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीत गेले आणि १९८८ मध्ये प्रकट झालेल्या नेक्स्ट संगणकाबरोबर ‘इंटरफेस बिल्डर’ लोकांसमोर आला. त्याच वर्षी अमेरिकेत ॲलन कूपर यांनी ‘रुबी’ या सांकेतिक नावाची आपली रचना मायक्रोसॉफ्टला विकली आणि तिच्यातून १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाहेर पडले. बाहेरच्या लोकांनी तयार केलेले घटक साधनाच्या पेटीत घालता यावेत ही कल्पना या परंपरेत लवकरच रुजली आणि तक्ते, आलेख, दिनदर्शिका असे घटक विकणारी एक स्वतंत्र बाजारपेठ तिच्याभोवती उभी राहिली. मात्र या व्यवस्थेत एक विषमता होती. घटक वापरणारा बेसिक भाषेत लिहीत असे, पण घटक घडवणाऱ्याला सी किंवा सी प्लस प्लस या भाषांकडे जावे लागे. बेसिकमध्येच घटक लिहिण्याची मुभा पाचव्या आवृत्तीने, १९९७ मध्ये दिली.

बोरलँड कंपनीच्या डेल्फीने ही विषमता १९९५ मध्येच मोडली होती. तेथे घटक आणि घटकाचा वापर दोन्ही ऑब्जेक्ट पास्कल या एकाच भाषेत होते, आणि आखणीकाळासाठी वेगळा व चालनकाळासाठी वेगळा संच बांधण्याची शिस्तही तेथे पुढच्या आवृत्त्यांत आली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९६-९७ मध्ये मांडलेल्या जावाबीन्स या संकेताने तर घटकाची व्याख्याच रचनासाधनाच्या आधारे केली : ज्याला रचनासाधनात दृश्य रीतीने हाताळता येते असा पुन्हा वापरण्याजोगा भाग म्हणजे बीन. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालेले आणि नंतर नेटबीन्स हे नाव घेतलेले साधन याच संकेतावर उभे आहे. लोणी, कोपरगाव आणि संगमनेर येथे १९८३ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून व जिल्ह्यातील तंत्रनिकेतनांतून शिकलेल्या पिढ्यांना ही साधने क्रमाने भेटत गेली. आधी व्हिज्युअल बेसिक, मग जावातील स्विंग, मग अँड्रॉइड. साधने बदलली, पण स्वतःचा घटक फॉर्मवर ओढल्यावर होणारी फजिती तशीच राहिली, म्हणून ती कोणत्या एका साधनाची उणीव आहे असे मानणे योग्य नाही.

विवेचन हवेत राहू नये यासाठी एकच घटक सर्वत्र उदाहरणादाखल घेतला आहे : धरणाचा साठादर्शक. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे असलेल्या मुळा धरणाची पूर्ण क्षमता २६,००० दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट आहे आणि त्यातील ४,५०० दलघफू मृतसाठा, म्हणजे कालव्यात सोडता न येणारे तळाचे पाणी आहे. पावसाळ्यात जिल्ह्यातील वृत्तपत्रे हे आकडे दररोज छापतात, कारण राहुरी, नेवासा, शेवगाव आणि पाथर्डी या तालुक्यांतील आवर्तने त्यांवर ठरतात. साठादर्शक हा उभा आयत असेल, त्याच्या तळाशी मृतसाठ्याचा गडद पट्टा असेल, वर पाण्याची पातळी आणि शेजारी आकडा असेल. प्रवरेवरील १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणासाठी, म्हणजे सुमारे ११,००० दलघफू क्षमतेसाठीही हाच घटक चालला पाहिजे, म्हणून क्षमता, मृतसाठा आणि सध्याचा साठा ही तीन मूल्ये घटकाच्या पोटात पक्की न लिहिता बाहेरून देता येण्याजोगी ठेवावी लागतात. बाहेरून देता येणाऱ्या अशा मूल्याला ‘गुणधर्म’ म्हणतात, बोलण्यात प्रॉपर्टी. आणि मूल्य आत घेणाऱ्या छोट्या कार्यपद्धतीला सेटर म्हणतात. रचनासाधन घटकाची तपासणी करून असे गुणधर्म शोधते आणि त्यांचा तक्ता आज्ञावलीकारापुढे मांडते. जावात ही ओळख नावांच्या ठेवणीवरून पटते, डेल्फीत गुणधर्म ‘प्रकाशित’ असल्याची नोंद भाषेतच करावी लागते, तर क्यूटी या संचात त्यासाठी खास घोषणा लागते. येथपर्यंत सर्व सोपे आहे.

पहिला सापळा सेटरमध्येच असतो आणि तो इतका सभ्य दिसतो की चांगले विद्यार्थीच त्यात अधिक सापडतात. धरणात क्षमतेपेक्षा जास्त पाणी मावत नाही, म्हणून सध्याचा साठा घेणाऱ्या सेटरने दिलेला आकडा क्षमतेहून मोठा असल्यास तो क्षमतेइतका खाली आणावा, असे काळजीपूर्वक लिहिणाऱ्याला वाटते. समजा, क्षमतेचे आरंभीचे मूल्य १०० ठेवले आहे. आज्ञावलीकार तक्त्यात आधी क्षमता २६,००० भरतो, मग साठा १८,००० भरतो, आणि फॉर्मवर पाणी बरोबर दोनतृतीयांशाच्या किंचित वर दिसते. तो फाइल साठवतो. रचनासाधन या दोन मूल्यांच्या दोन ओळी लिहून ठेवते, परंतु त्या ओळींचा क्रम ते भरणाऱ्याच्या क्रमाने ठेवील याची कोणतीही हमी नसते. अनेकदा तो नावांच्या वर्णानुक्रमाने असतो आणि गुणधर्मांची नावे इंग्रजीत ठेवण्याचा प्रघात असल्याने ‘करंट’ने सुरू होणारा साठा ‘फुल’ने सुरू होणाऱ्या क्षमतेच्या आधी येतो. फाइल पुन्हा उघडली किंवा आज्ञावली चालवली की आधी साठा १८,००० दिला जातो, त्या क्षणी क्षमता १०० असते, सेटर साठ्याला १०० वर आणतो, आणि मग क्षमता २६,००० होते. पडद्यावर मुळा धरण कोरडे पडलेले दिसते. चूक कोठेही नोंदली जात नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

यावर तीन उपाय रूढ आहेत. डेल्फीत घटकाला आपण ‘भरण अवस्थे’त आहोत, म्हणजे फाइलमधील मूल्ये अजून येत आहेत, हे विचारता येते आणि सर्व मूल्ये आल्यावर एकदा बोलावली जाणारी कार्यपद्धती तेथे तपासणीसाठी मोकळी असते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये घटकाने ‘आरंभ’ आणि ‘अखेर’ अशा दोन हाका स्वीकारण्याचे मान्य केल्यास रचनासाधन त्या दोहोंच्या मध्ये सर्व मूल्ये देते. तिसरा उपाय कोणत्याही साधनाच्या सहकार्याविना चालतो : सेटरने दिलेले मूल्य जसेच्या तसे ठेवावे आणि मर्यादेचा विचार चित्र काढताना करावा. हा तिसरा उपायच सर्वांत टिकाऊ आहे. गुणधर्म कोणत्याही क्रमाने आले तरी अंतिम स्थिती एकच असावी, ही कसोटी ज्या घटकाला उतरता येत नाही तो रचनासाधनासाठी तयार झालेला नाही असे समजण्यास हरकत नसावी.

याच कुळातील दुसरा दोष आरंभीच्या मूल्यांचा आहे. फॉर्मची फाइल आटोपशीर राहावी म्हणून रचनासाधन फक्त बदललेली मूल्ये साठवते आणि आरंभीच्या मूल्याइतकी असलेली गाळते. मात्र आरंभीचे मूल्य कोणते, हे डेल्फीत आणि डॉटनेटमध्ये घटककाराने वेगळ्या घोषणेने सांगायचे असते, आणि ती घोषणा मूल्य देत नाही, फक्त मूल्याविषयी सांगते. घटक जन्माला घालणाऱ्या कार्यपद्धतीने, म्हणजे कन्स्ट्रक्टरने, मृतसाठा ४,५०० ठेवला आणि घोषणेत मात्र शून्य लिहिले, तर एखाद्या पाझर तलावासाठी कोणी जाणीवपूर्वक शून्य भरल्यास ते ‘आरंभीचेच’ समजून गाळले जाते आणि फाइल पुन्हा उघडताच तलावाच्या तळाशी मुळा धरणाचा मृतसाठा येऊन बसतो. टक्केवारीसारखे मोजून काढता येणारे मूल्य तर गुणधर्म म्हणून लिहिण्यासाठी खुले ठेवूच नये. ते केवळ वाचता यावे, नाहीतर आखणीच्या दिवशीची टक्केवारी फाइलमध्ये गोठून राहते. टक्केवारी एकूण साठ्यावर काढावी की उपयुक्त साठ्यावर, हा प्रश्न संगणकशास्त्राचा नाही, पण घटककाराने तो विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण मुळेच्या बाबतीत भाजक एकदा २६,००० आणि एकदा २१,५०० असा बदलतो.

आखणीकाळाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की रचनासाधन घटकाचे केवळ चित्र दाखवते. बहुतांश साधने घटकाचा खरा जीव निर्माण करतात आणि त्याची आज्ञावली आपल्याच प्रक्रियेत चालवतात. तेथे माहितीसाठा नसतो, जाळ्यावरील सर्व्हर नसतो, वजनकाट्याला जोडलेली तार नसते; असते ती फक्त एक कोरी चौकट. कन्स्ट्रक्टरमध्येच माहितीसाठ्याशी जोडणी करणारा साठादर्शक अशा ठिकाणी तीस सेकंद वाट पाहतो, मग चूक फेकतो, आणि दोष रचनासाधनाला दिला जातो. परक्या वाड्यात उतरलेल्या पाहुण्याने स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवू नये एवढी मर्यादा घटकानेही पाळली पाहिजे : जन्माच्या वेळी त्याने फक्त स्वतःची मूल्ये लावावीत, बाहेरचे काहीही मागू नये, आणि जोडणी, घड्याळ, फाइल ही कामे आज्ञावली खरोखर चालू झाल्यावर वेगळ्या हाकेने करावीत.

आपण कोणत्या काळात आहोत हे घटकाला विचारण्याची सोय बहुतेक साधनांत आहे. जावाबीन्समध्ये तसा प्रश्न थेट विचारता येतो, अँड्रॉइडमध्ये प्रत्येक दृश्य घटकाला ‘संपादन अवस्था’ विचारण्याची कार्यपद्धती आहे, डेल्फीत घटकाच्या स्थितीत तशी खूण असते. डॉटनेटमधील सोय मात्र फसवी आहे. तेथील ‘डिझाइन मोड’ हा गुणधर्म कन्स्ट्रक्टरमध्ये नेहमीच नकारार्थी उत्तर देतो, कारण रचनासाधन घटकाला आपल्या ताब्यात घेते ते तो जन्मल्यानंतर, आणि एका घटकाच्या पोटात दुसरा घटक असेल तर आतल्याला पुढेही खरे उत्तर मिळेलच असे नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये विचारायचे असल्यास परवान्याच्या व्यवस्थापकाकडून वापराचा प्रकार जाणून घेण्याचा आडमार्ग तेथे चालतो. हे माहीत नसलेल्यांनी घालवलेले तास या विषयाच्या इतिहासात कोठे नोंदले गेलेले नाहीत, पण ते थोडे नसावेत.

आखणीकाळात घटकाने काय दाखवावे, याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते त्याने रिकामे राहावे; परंतु रिकामा साठादर्शक पाहून आज्ञावलीकाराला रंगसंगती, आकड्याची जागा किंवा मृतसाठ्याच्या पट्ट्याची उंची ठरवता येत नाही, म्हणून नमुन्याचा एखादा साठा दाखवणे अधिक सोयीचे आहे. मात्र हा नमुना चालनकाळात कोणत्याही कारणाने पडद्यावर येता कामा नये. जोडणी तुटली असताना साठादर्शकाने नमुन्याचा साठ टक्के आकडा दाखवत राहणे ही दिसण्यातील किरकोळ चूक नव्हे. आवर्तन कधी सुटेल याच्या अंदाजावर ऊस ठेवायचा की मोडायचा हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत तो आकडा पोहोचू शकतो. माहिती नसेल तर घटकाने ‘माहिती उपलब्ध नाही’ असेच लिहावे. साठ्याच्या पातळीत हलणाऱ्या लाटा दाखवण्याचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांनी एवढे पाहावे की फॉर्मवरून घटक काढून टाकल्यावर लाटांचे घड्याळही थांबते. न थांबलेली घड्याळे रचनासाधनाच्या पोटात साचतात आणि दुपारपर्यंत यंत्र मंद होते.

बांधणीतील विसंगती हा विषय रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. रचनासाधन घटक आपल्या प्रक्रियेत चालवते, म्हणून घटक साधनाच्या बांधणीशी जुळला पाहिजे, केवळ अंतिम आज्ञावलीशी नव्हे. क्यूटी डिझायनरसाठी बांधलेला जोडभाग त्याच आवृत्तीच्या आणि त्याच संकलकाच्या, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या, जातकुळीचा असावा लागतो; ते जमत नसेल तर ‘बढती’ची युक्ती वापरतात, म्हणजे फॉर्मवर साधा तयार घटक ठेवून चालनकाळात त्याच्या जागी आपला घटक येईल अशी नोंद करतात, जिच्यात आखणीच्या वेळी खरे रूप पाहण्याचे सुख सोडावे लागते. नेटबीन्स ज्या जावावर चालते तिच्याहून नव्या जावासाठी बांधलेला बीन त्याला उघडता येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओची २०२२ ची आवृत्ती चौसष्ट बिटांची झाली तेव्हा ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीचे बत्तीस बिटांचे घटक असलेले फॉर्म तिच्या रचनासाधनात उघडेनात, आणि वर्षानुवर्षे चालत आलेल्या आज्ञावल्यांना हात लावायचा म्हटला की आधी जुनी आवृत्ती शोधण्याची वेळ आली. अंतिम आज्ञावली उत्तम चालत असताना केवळ तिचा फॉर्म उघडत नाही, यावरून दोन काळांचा भेद जितका स्पष्ट होतो तितका व्याख्येने होत नाही.

मराठी वाचकासाठी यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण स्वतःचा घटक घडवण्याची निकड महाराष्ट्रात अनेकदा आकृतीमुळे नव्हे, तर लिपीमुळे निर्माण झाली. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ मध्ये आली. तिच्या पोटात अक्षरे युनिकोडमध्ये साठवली जात असली, तरी तिचे मूळ घटक मजकूर दाखवताना तो जुन्या आठ-बिटी संकेतसंचात उतरवत, आणि विंडोजच्या अशा संचांत देवनागरीला जागाच नव्हती. परिणामी युनिकोडमधील मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. तोवरची वहिवाट वेगळी होती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले, १९९१ मध्ये इस्की या भारतीय संकेताला मानक म्हणून मान्यता मिळाली, आणि बाजारात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवणारे अनेक टंक प्रचलित झाले. असा टंक लावला की फॉर्मवर मराठी दिसे, पण रचनासाधनाचा गुणधर्मांचा तक्ता स्वतःच्याच टंकात लिहिलेला असल्याने तेथे त्याच मजकुराची रोमन अक्षरांतील निरर्थक खिचडी दिसे, आणि आज्ञावलीकार ती खिचडी ओळखून दुरुस्त करायलाही शिकत. देवनागरी युनिकोड जाणणाऱ्या विंडोज २००० नंतरही जुन्या साधनात खरे मराठी हवे असणाऱ्यांना युनिकोड पाळणारे बाहेरचे घटक मिळवावे किंवा लिहावे लागले. जुन्या टंकांतील नोंदी पुढे युनिकोडमध्ये आणण्याचे काम किती कष्टाचे असते, हे ज्या कचेऱ्यांनी केले त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आज प्रश्नचिन्हे गेली आहेत, पण लिपीचे प्रश्न संपलेले नाहीत. रोमन अक्षरांचा विचार करून घटकाची उंची ठराविक बिंदूंत पक्की केली की ‘दुसऱ्या’, ‘मृतसाठा’, ‘दलघफू’ यांतील खालचे ऋकार-उकार किंवा इतर शब्दांतील वरचे रफार, मात्रा, अनुस्वार छाटले जातात. म्हणून उंची नेहमी टंकाच्या प्रत्यक्ष मापांवरून काढावी आणि तीच घटकाची ‘पसंतीची मापे’ म्हणून रचनासाधनाला कळवावी, नाहीतर घटक फॉर्मवर टाकताच शून्य किंवा भलत्याच आकाराचा होतो. जागा कमी पडल्यावर मजकूर तोडून पुढे तीन टिंबे देणाऱ्या घटकाने संकेतांक मोजून तोड घालू नये, कारण जोडाक्षर अनेक संकेतांकांनी बनलेले असते आणि मध्येच तोडल्यास पाय मोडलेले अक्षर मागे राहते. आकड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. जावाची नेहमीची अंकमांडणी स्वल्पविराम तीन-तीन अंकांवरच देते आणि तिला लाख-कोटींची रीत शिकवण्याचा सरळ मार्ग नाही. नमुन्यात अनेक स्वल्पविराम दिले तरी ती केवळ शेवटच्या गटाची लांबी पाहते. २६,००० पर्यंत फरक दिसत नाही, पण दूध संघाच्या पंधरवड्याच्या रकमेत तो लगेच दिसतो. आयसीयू या मुक्त संचातील अंकमांडणी ही रीत जाणते, म्हणून रकमा दाखवणाऱ्या घटकाने तिचा आधार घ्यावा. मराठी शब्दांच्या फाइली हाही एक जुना काटा आहे : जावाच्या नवव्या आवृत्तीपूर्वी अशा फाइली युनिकोडमध्ये वाचल्याच जात नसत, प्रत्येक देवनागरी अक्षर सहा चिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहावे लागे, आणि रचनासाधन ते रूपांतर मुकाट्याने करीत असल्याने फाइल हाताने उघडणारा विद्यार्थी दचकत असे.

अलीकडे रचनासाधनांचा जमाना संपला असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, कारण फ्लटर, स्विफ्टयूआय, अँड्रॉइडचे कंपोज यांत फॉर्म माउसने न आखता आज्ञावलीतच लिहितात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कंपोजमध्ये लिहिलेल्या घटकाची झलक शेजारी दिसते आणि त्या झलकेतही माहितीसाठा नसतो, सर्व्हर नसतो. आपण झलकेत आहोत काय हे विचारण्याची सोय तेथेही मुद्दाम ठेवावी लागली आहे. ॲपलने २०१४ मध्ये आपल्या रचनासाधनात स्वनिर्मित घटक आखणीच्या वेळीच रंगवण्याची सोय दिली आणि पाच वर्षांनी स्विफ्टयूआयच्या झलका आणल्या. या दोन्हींत घटककाराला पाळावी लागणारी पथ्ये जवळपास तीच आहेत. पेटी आणि तक्ता जाऊ शकतात, पण दुसरा आज्ञावलीकार जात नाही.

पुढील प्रकरणांची रचना याच दृष्टीने केली आहे. साठादर्शक आधी जावात बांधून नेटबीन्समध्ये आणला आहे, नंतर अँड्रॉइडमध्ये, आणि शेवटी क्यूटीमध्ये. प्रत्येक वेळी घटक प्रथम साध्या रीतीने लिहून मोडू दिला आहे आणि मग दुरुस्त केला आहे, कारण मोडलेला घटक कसा दिसतो हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीचे कारण ध्यानात राहत नाही. अँड्रॉइडच्या प्रकरणात एक गोष्ट विशेष लक्षपूर्वक वाचावी : फॉर्मच्या फाइलमधून घटक उभा करताना तेथील व्यवस्था गुणधर्मांचा संच घेणारा ठराविक स्वरूपाचा कन्स्ट्रक्टर शोधते, आणि तो लिहिलेला नसेल तर आज्ञावलीत हाताने उभा केलेला तोच घटक चालत असूनही फॉर्ममधून उभा राहत नाही. क्यूटीचे प्रकरण घाईत असलेल्यांनी प्रथम वाचनात सोडले तरी चालेल.

जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये येथील अध्यापकांना एक विनंती आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत स्विंगची व अँड्रॉइडची प्रात्यक्षिके असतात, परंतु त्यांत विद्यार्थी तयार घटकच फॉर्मवर मांडतो आणि स्वतःचा घटक लिहिला तरी तो स्वतःच वापरून पाहतो. त्याऐवजी एका प्रात्यक्षिकात एका विद्यार्थ्याने घटक लिहावा, त्याची बांधलेली फाइल तेवढी शेजारच्याला द्यावी, आणि शेजारच्याने मूळ आज्ञावली न पाहता तो आपल्या यंत्रावर, जाळ्याची जोडणी काढून, फॉर्मवर ओढून दाखवावा, गुणधर्म उलट्या क्रमाने भरावेत, फाइल बंद करून पुन्हा उघडावी. गुण शेजारच्याच्या पडद्यावर काय दिसते ते पाहून द्यावेत.